कोंडवाड्यातले सभासद

त्या वर्षी श्रावण कोरडा गेला आणि बोरशेतचा झेंडू गुडघ्याच्या वर आलाच नाही. ज्या घरातून एका तोडणीला आठ-दहा पाट्या फुलं निघायची, तिथे दीड-दोन पाट्या निघू लागल्या. टेम्पोवाल्याने आठ दिवस वाट पाहिली आणि गावात यायचं बंद केलं. दोन पाट्यांसाठी डिझेल जाळायला तो काही कुणाचा जावई नव्हता. मग लोकांनी पडवीत अडगळीत टाकलेल्या सायकली बाहेर काढल्या, त्यांच्यावरची कोंबड्यांची घाण खरवडली आणि कॅरियरला आडव्या फळ्या बांधल्या.

पंचवटीचा बाजार अकरा किलोमीटर. वाटेत ओढ्याचा उतार. दोन पाट्या मागे, एक पिशवी पुढे, आणि मधे अंग चोरून बसलेला माणूस, अशी सायकल त्या उतारावरून खडखडत गेली की तिची रिंग वाकायची, तारा तुटायच्या. फाट्यावर गोटीरामचं दुकान होतं. तो पंक्चर एक काढायचा आणि तीन सांगायचा. लोक त्याला शिव्या देत आणि त्याच्याकडेच जात. बोरशेतला या दोन गोष्टींत विरोध कधी वाटला नाही.

नाथा याच गावचा. पंचवटीतल्या एका सायकल दुकानात त्याने बारा वर्षं काढली होती. नंतर पगार बरा म्हणून एका कारखान्यात लागला आणि दीड वर्षातच उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली ठेवून घरी आला. आल्यावर पहिले सहा महिने तो ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या सायकली नुसता ऐकत असे. "याची चेन ढिली," "याच्या पुढच्या चाकाचे छर्रे गेले," असं पुटपुटायचा. शेवटी त्याची बायको कुसाबाई वैतागून म्हणाली, "माझ्या कानाशी काय सांगता? ज्याची गेली त्याला सांगा, नायतर मला करायला शिकवा."

त्याने शिकवलं. अंगणात सायकल उलटी करून तिला समोर बसवली. चाक फिरवायला लावलं.

"तार छेड."

"छेडली."

"आता शेजारची. काय ऐकलं?"

"ही बोदी वाजली."

"मग ती ढिली. पाव फेरा आवळ. पाव म्हनलं, अर्धा नाय. आता परत छेड."

चुकलं तर तो रागवायचा नाही. पुन्हा "छेड" म्हणायचा. एका चाकाला छत्तीस तारा. पहिल्या चाकाला तिला दोन दिवस लागले, तिसऱ्याला दोन तास. तिच्या नखांत वंगण बसलं ते भाकरी थापतानाही निघेना. शेजारणी म्हणाल्या, "बाई, तुझ्या भाकरीला सायकलचा वास येतो." गावात म्हण पडली, नाथाची जीभ आणि कुसाचा हात.

टेम्पो बंद झाला तेव्हा नाथाने ग्रामसभेत हात वर केला. चांगला हात. तो म्हणाला, गावचा कोंडवाडा रिकामा पडलाय. तिथे सायकलींची सामाईक कार्यशाळा काढू. घरटी वर्षाला साठ रुपये वर्गणी, नाहीतर दोन पायल्या बाजरी. तेवढ्यात पाने, पंप, कानस, सोल्यूशन, रिंग सरळ करायचा ठोकळा, सगळं येईल. जो सभासद, त्याला हत्यारं मोकळी. त्याने यायचं, आपली सायकल आपण दुरुस्त करायची. येत नसेल त्याला आम्ही दोघं शिकवू.

बोरशेतमध्ये नवी गोष्ट ऐकली की सगळे आधी धोंडीरामच्या तोंडाकडे पाहत. धोंडीराम माजी सरपंच. पंधरा एकर बागायत, तोंडात सतत लवंग. त्याने लवंग या गालातून त्या गालात नेली.

"कोंडवाड्यात आजवर चुकार ढोरं कोंडली. आता सायकली कोंडा," तो म्हणाला. लोक हसले. हसणं संपल्यावर तो पुढे म्हणाला, "माझी पाच नावं घे. पाच सायकली हायेत, पाच वर्गण्या देतो. पण एक सांगतो. दसरा झाला की ग्रामसभा हाय. तोवर तीस नावं टिकली तर कोंडवाडा तुझा, वर्षभर. नाय टिकली तर माझ्या पुतण्याला खताच्या दुकानाला जागा लागती."

म्हणजे पाच नावं देऊन त्याने तीसही स्वतःच्या मुठीत ठेवली. हे सभेत सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तीस नावं पुरी करायला नाथा आणि कुसाबाई आठ दिवस दारोदार फिरली. कुणी ओट्यावर बसायला सांगितलं नाही. कुणी म्हणालं, उद्या या. कुणी बाजरी दिली ती कोंड्यासकट. एका घरातून सोंडे, म्हणजे किडे, पडलेली दोन पायल्या बाजरी आली. घालणारी म्हणाली, "पाखडून घे, तुला वेळ हाय." कुसाबाईने पाखडली. ती विकून पंचवटीतून हत्यारं आणली. कोंडवाड्यातलं शेण खरवडलं, भिंतीला चुना दिला आणि त्या भिंतीवर नाथाने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत, तीस नावं लिहिली. आपलं नाव कसं लिहिलंय ते पाहायला लोक आले. दोघांनी आपलं नाव धोंडीरामच्या खाली का, असं विचारलं. सायकल घेऊन त्या दिवशी कुणीच आलं नाही.

मग मोडलेल्या सायकली येऊ लागल्या. पण माणूस दाराशी यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि जायचा.

"अहो, थांबा की," नाथा म्हणायचा. "पंक्चर हाय. बसा, दाखवतो."

"बाजरी दिलीय ना?"

"बाजरी हत्यारांची. काम तुमचं तुम्ही करायचं."

"लोहाराला बलुतं देत होतो तवा काय भाता आम्ही मारत होतो?"

इथे सगळं अडलं. गावाला सभासद हा शब्द कळत होता. दूध सोसायटीचे सभासद होते, पतपेढीचे होते. पण कणगीतून बाजरी मोजून दिली की ती घेणारा आपला बलुतेदार झाला, हे त्यांच्या हाडात होतं. शंभर वर्षं आजे-पणजे सुगीला मापं टाकत आले आणि वर्षभर सुतार-लोहाराला हाक मारत आले. नाथाच्या भिंतीवर काय लिहिलंय त्याने हाडं बदलत नव्हती. साठ रुपये रोख देणारेही मागे नव्हते. ते म्हणायचे, बाजरीवाल्यांचं करता, आम्ही तर नोटा दिल्यात.

तेव्हा कुसाबाई सायकली करू लागली. पहाटे स्वतःची फुलं तोडायची, भाकरी टाकायची, आणि कोंडवाड्यात बसायची ते दिवस कलेपर्यंत. ट्यूब काढ, घमेल्यातल्या पाण्यात बुडव, बुडबुडा धर, घास, चिकटव, ठोक. कधी कधी दिवसात अकरा पंक्चर. बसून बसून मांड्या दगड व्हायच्या. उठताना भिंत धरायला लागायची. एकाने तर सायकल दारात उभी करून, सीटवरून न उतरताच हाक दिली, "ए कुशे, हे बघ गं." त्याला आधी ती कुसाताई म्हणून माहीत होती.

"आता बास," ती नाथाला म्हणाली. "तुमची कार्यशाळा नाय ही. आपन गावाचे बलुतेदार झालो."

"तीस नावं टिकू दे," नाथा म्हणाला. "एकदा कोंडवाडा हाती आला की शिकवू सगळ्यांना."

"नाव टिकवायला राबतीय मी. शिकनार कोन?"

शिकणारी दोन माणसं होती. एक विमलाबाई, शेवंती विकणारी विधवा. ती पहिल्या पंक्चरलाच पदर खोचून बसली होती आणि म्हणाली होती, "मला कोन आनून देनार? दाखव." दुसरा झिपरू. त्याला कुणी मोजलं नव्हतं.

झिपरू धोंडीरामचा सालदार. पेठकडून मजुरीला आलेली काही आदिवासी कुटुंबं ओढ्यापलीकडे झोपड्या घालून राहिली होती, त्यातला. धोंडीरामच्या पाच सायकली धोंडीराम कधीच चालवत नव्हता. फुलं घेऊन पंचवटीला जायचे ते झिपरू आणि त्याच्या वस्तीतले चौघे. सायकल मोडली की झिपरूच घेऊन यायचा. मालकाने सांगितलेलं असायचं, करून घेऊन ये. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसायचा आणि कुसाबाईच्या हातांकडे पाहत राहायचा. एकदा तिला पायडलच्या दांड्याची कॉटर पिन निघेना. तो बाहेरूनच हळू म्हणाला, "बाई, खालनं लाकूड द्या, मग ठोका." तिने दिलं. पिन निघाली. तिने वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. आत ये, असं तिला सुचलं नाही.

खंडेनवमी आली. उद्या दसरा. वर्षातला झेंडूचा सगळ्यात मोठा भाव याच दोन दिवसांचा. सकाळी तोडलेली फुलं दुपारी निघून संध्याकाळी पंचवटीत पोचली पाहिजेत. ज्याच्याकडे जे काही होतं ते याच दिवसासाठी राखलेलं.

कुसाबाईने आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांना निरोप दिले होते. नवमीला हत्यारं पुजायची असतात, त्या दिवशी त्यांना काम नाही, काय करायचं ते आधी करून घ्या. दुकानात नाथाचा उस्ताद हे पाळायचा, म्हणून नाथा पाळायचा. निरोप ऐकून सगळे 'बरं' म्हणाले. बोरशेतचं बरं म्हणजे ऐकलं नाही.

सकाळी तिने पाने, टायर उचकटायच्या टाम्या, हातोडी, पंप सगळं रॉकेलने धुतलं, चिंधीने पुसलं, पाटावर मांडलं. हळद-कुंकू वाहिलं, प्रत्येकावर एकेक फूल ठेवलं. नाथाने नारळ डाव्या हाताने फोडला. खोबऱ्याचे तुकडे करून ती बसली आणि बारा वाजायच्या आत कोंडवाड्यासमोर चौदा सायकली उभ्या राहिल्या.

"कुशे, पटकन. हवा राहत नाय."

"आधी माझी. मी काल येनार होतो."

"हत्यारं पुजलीत," कुसाबाई म्हणाली. "मी आज हात लावत नाय."

"सायकल बी पुजतात की आज. ती चालवतोच ना आपन? मग पान्याला काय धाड भरली?" कुणीतरी म्हणालं आणि स्वतःच हसलं.

तेवढ्यात धोंडीराम आला. मागे झिपरू, दोन्ही हातांनी दोन सायकली ढकलत. दोन्हींची मागची चाकं बसलेली. गर्दीने वाट दिली. याच धोंडीरामने आठवड्यापूर्वी पारावर म्हटलं होतं की बाईमाणसाने हत्यार पुजणं शास्त्रात नाही. आता त्याने पाटाकडे पाहिलं आणि लवंग चावली.

"देव समजून घेतो," तो म्हणाला. "फूल बाजूला ठेव आणि ये. माझ्या दहा पाट्या उन्हात हायेत."

"मी नाय लावायची हात, दादा."

"मग आम्ही वर्गणी कशाची दिली?"

"हत्यारांची. हत्यारं तुमचीच हायेत." तिने पाट दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या पायाशी, उंबऱ्यावर ठेवला. "पूजा मी केली. नेम माझा. तुम्हाला नेम नाय. घ्या आन काढा."

नाथा मागून हळूच म्हणाला, "कुसा, पाच नावं हायेत." तिने मागे पाहिलं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

चौदा माणसं धोंडीरामकडे पाहत होती. तो हसला. पायजमा वर ओढून उकिडवा बसला. मग उठला, कारण बसल्यावर चाकापर्यंत हात पोचेना. परत बसला. टामी हातात उलटी धरली.

"उलटी हाय," कुसाबाई म्हणाली. "वाकडं तोंड टायरखाली. हां. आता वॉल्व्हच्या समोरून चालू करा. जोर नका लावू."

त्याने जोर लावला. टामी सटकली, बोटाचं सालपट निघालं. तिसऱ्यांदा ती आत गेली आणि आतली ट्यूब टचकन फाटली. चांगल्या ठिकाणी. विमलाबाई सगळ्यात मागे उभी होती. ती मोठ्याने हसली.

"पंक्चर एक होतं, सरपंचांनी दुसरं पाडलं," ती म्हणाली. "गोटीरामकडं नोकरी धरा."

धोंडीराम उभा राहिला. मान लाल झाली होती. "काढ रे," तो झिपरूला म्हणाला.

झिपरू उंबऱ्याशी आला. पाटाला हात लावून कपाळाला लावला. मग बसला. कुसाबाईने काही सांगायच्या आत टायर बाहेर आलं होतं. फाटकी ट्यूब, मूळचं पंक्चर, दुसऱ्या सायकलचं चाक. चाक आउट होतं, फिरताना डुलत होतं. त्याने तारा छेडल्या, कान लावला, पाव-पाव फेरा आवळत गेला. अर्ध्या तासात दोन्ही सायकली उभ्या. माणसाने आपल्या गोठ्यातलं जनावर बोलताना ऐकावं तसे धोंडीरामचे डोळे झाले होते.

सायकली तयार झाल्यावर, तयार होईपर्यंत थांबून, तो म्हणाला, "माझी पाच नावं पुसा." आणि सायकलींमागे चालता झाला.

उरलेल्यांना कुसाबाईने शिकवलं. हात पाठीमागेच. "बुडबुडा कुठं येतोय? तिथं बोट ठेव. काढू नको. आता वाळव. फुंक नको मारू, थुंकी लागती." तोंड कोरडं पडलं तरी ती बोलत राहिली. आठ जणांना जमलं. दोघांना अर्धं जमलं. चौघे, बाईने गावासमोर बसवलं म्हणून चिडून, पंक्चर सायकली ढकलत तशीच फुलं घेऊन गेले आणि उतारावर एकाच्या पाट्या ओढ्यात सांडल्या. सगळ्यांना वाटेला लावेपर्यंत दिवस मावळला. तिच्या स्वतःच्या दोन पाट्या झेंडू कोंडवाड्याच्या कोपऱ्यात तसाच काळवंडला.

दसऱ्याच्या सकाळी नाथाने पाच नावांवर चुना फिरवला. दुपारपर्यंत आणखी तिघे येऊन आपली नावं पुसायला सांगून गेले. त्यातल्या एकाने बाजरी परत मागितली. सोंडे पडलेली दिली होती ती चांगली मागितली.

"बावीस," नाथा म्हणाला. "आठ दिवसांत आठ कुठून आनू? गावात घर नाय उरलं."

"उरलीत," कुसाबाई म्हणाली.

नाथाला कळलं. "पलीकडं? ते आत आले तर या बावीसची बारा होतील. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय."

"आन आपन... आपन तरी कधी..."

"ते बी म्हाईत हाय. म्हनून तर जाते."

ओढ्याला पाणी नव्हतंच. ती कोरड्या दगडांवरून पलीकडे गेली. बारा झोपड्या. चार-पाच कुडांना सायकली टेकलेल्या, जुन्या, पण तेल दिलेल्या. गेली सहा वर्षं ही माणसं रोज तिच्या दारावरून जात होती आणि वर्गणी गोळा करायला गावभर हिंडताना तिला किंवा नाथाला एकदाही इकडे यावंसं वाटलं नव्हतं. सोंडे पडलेली बाजरी घेताना तिला अपमान वाटला होता. यांच्याकडे मागायला न येण्यात अपमान असतो हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

झिपरूच्या बायकोने, नवसाबाईने, गोणपाट टाकलं. मग तांब्याभर पाणी आणलं, आणि समोर न धरता थोडं अंतर ठेवून खाली ठेवलं. घेईल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. कुसाबाईने तांब्या उचलला. एक क्षण हात थांबला. तो थांबला हे नवसाबाईने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे कुसाबाईने पाहिलं. ती पाणी प्यायली.

झिपरू समोर येऊन बसला. दसऱ्याचा दिवस असून घरी होता.

"कामाला नाय गेलास?"

"मालकानं काढलं. म्हनाला, मिस्त्री झालास, जा पंचवटीला."

तिने मान खाली घातली. नंतर जे सांगायचं ते सांगितलं. सभासद व्हा. आत बसा, उंबऱ्यात नाही. भिंतीवर नाव लिहू.

"पैसा नाय," झिपरू म्हणाला. "नागली चालंल?"

"चालंल."

त्याने काडी घेऊन जमीन उकरली. "एक इचारू का बाई? दीड महिना मी दारात बसलो. तवा का नाय म्हनलात?"

कुसाबाईला खूप कारणं सुचली. तीस नावं, धोंडीराम, गाव काय म्हणेल. तिने एकही सांगितलं नाही.

"तवा मी बी त्यांच्यातलीच होते," ती म्हणाली.

नवसाबाई कुडाला टेकून ऐकत होती. ती पहिल्यांदाच बोलली. "आमची आठ नावं आली तर ते कोंडवाडा देतील?"

"नाय," कुसाबाई म्हणाली. ओढा ओलांडताना तिला एवढंच पक्कं कळलं होतं. "ते खताच्या दुकानाला देतील. हत्यारं आपली हायेत, जागा नाय."

"जागा इथं हाय की," झिपरूने कुडामागच्या मोकळ्या खडकाकडे हात केला. "पाऊस नाय तोवर उघड्यावर, मग मांडव घालू. पन बाई, इथं तुमचं गाव येईल का? आमच्यात बसून पंक्चर काढायला?"

कुसाबाई उठली. मांड्या आखडल्या होत्या, तिने नवसाबाईचा खांदा धरला.

"नाय आलं तर जाईल पायी पंचवटीला," ती म्हणाली. "चल, कोंडवाड्यातली हत्यारं आनू. रिंगेचा ठोकळा जड हाय. चौघं लागतील उचलायला."